काळी डबी

गुमिलारने कागदावर पाचवा चौकोन काढला, त्यातून बाण ओढला आणि पुढच्या रिकाम्या चौकोनापाशी पेन्सिल थांबवली.

“आणि ही काळी डबी, कांग?”

गिटारवादक तिस्नाला तो कांग, म्हणजे दादा, म्हणायचा. इमासच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या लांब टेबलावर त्याचं सगळं सामान मांडलेलं होतं. हाताच्या घासण्याने एका बाजूचा रंग उडालेली गिटार, पायाने दाबायची चार पेडलं, तारांची वेटोळी आणि शेवटी साबणाच्या डबीएवढी ती काळी पत्र्याची डबी. अ‍ॅम्प्लिफायर खाली जमिनीवर होता. उद्या संध्याकाळी बांडुंगमध्येच मोठा कार्यक्रम होता आणि या सगळ्यात कुठेतरी खरखर येत होती. मासिकात दर महिन्याला एका वादकाचं सामान आणि त्याची जडणघडण छापत. या वेळी पाळी तिस्नाची होती, म्हणून वार्ताहर गुमिलार त्याच्यामागून दुकानापर्यंत आला होता.

“तिचं तेह इमासला विचार,” तिस्ना म्हणाला. “बनवली तिने. मी नुसता पाय ठेवतो.”

इमास, सगळ्यांची तेह म्हणजे ताई, पाठमोरी होती. हातातल्या तारेचं टोक ती गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिली. या प्रश्नाची तिने सतरा वर्षं वाट पाहिली होती.

“तुम्ही?” गुमिलार खुर्चीत सरसावून बसला. “तेह, लोक या डबीबद्दल काय काय लिहितात ठाऊक आहे? एकाने लिहिलंय, आत रशियन पाणबुडीतला सुटा भाग आहे!”

“पाणबुडी कसली! कोसांबी बाजाराच्या भंगारातला रेडिओ होता. मुका झालेला.”

“थांबा, थांबा, हे नीट लिहायचंय. आधी लहानपणचं संपवतो.” त्याने पान उलटलं. “कांग, वडील मजालायाच्या कापड गिरणीत, मग तुम्ही सगळे इथे, याच गल्लीत. गिटार कुणाकडे शिकलात?”

“कुणाकडे नाही. शेजाऱ्यांकडे एक होती, तिच्यावर हात साफ केला.”

गुमिलारने लिहून घेतलं.

“शेजाऱ्यांना नाव होतं का काही?” इमासने न वळता विचारलं.

“होतं ना. पण फार रागीट बाई. सूर चुकला की पट्टीने बोटांवर हाणायची.”

गुमिलार मोकळेपणाने हसला. इमासने वळून पाहिलं. त्याची पेन्सिल कागदावर आडवी पडली होती.

ती तिस्नाहून दोन वर्षांनी मोठी. गिटार तिची होती, पहिले सूरही तिने दाखवलेले. पुढे बँडमध्ये दोघंही वाजवत. कॅसेट काढायची ठरली तेव्हा ड्रमवाला म्हणाला, दोन गिटारी कशाला? आणि सगळ्यांनी तिस्नाकडे पाहिलं. तेव्हा इमासचे वडील अंथरुणाला खिळले होते, दुकान कुणीतरी चालवायलाच हवं होतं, त्यामुळे कुणालाच काही बोलावं लागलं नाही. दोन रात्री जागून तिने गिटारच्या आवाजाला वेगळा रंग देणारी ती डबी बनवली आणि तिस्नाच्या हातात ठेवली. त्यानंतर रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की ती हातातलं काम थांबवायची. समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायची, हा आवाज आहे ना, तो आमच्या डबीचा. तिच्या आईने तर गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

मशिदीतून अजान झाली. शुक्रवार होता. गुमिलारने घाईघाईने बाही सारली आणि तिस्नाने पिशवीतून टोपी काढली. दारापाशी तो थांबला.

“तेह, डबी राहू दे. अ‍ॅम्पचं बघ, खरखर तिथलीच असणार.”

“खरखर कुठली ते मला शिकव आता.”

“तसं नाही गं. आल्यावर बघू, दोघं मिळून.”

“जा. इमामाचा खुतबा चुकेल.”

तो टोपी दोनदा सारखी करून गेला.

इमासने नेहमीच्या पद्धतीने काम सुरू केलं. आधी गिटार थेट अ‍ॅम्पला जोडली. स्वच्छ. मग एकेक पेडल मध्ये घालत गेली आणि प्रत्येकावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून पाहिलं. चारही स्वच्छ. काळी डबी जोडून ठोकलं तेव्हा अ‍ॅम्पमधून वाळू सांडल्यासारखा आवाज आला. पुन्हा ठोकलं. पुन्हा वाळू.

नेमकी तिची डबी. नेमकी आज.

तिने डबी दिव्याखाली उलटी धरली. दुरुस्त केलेल्या वस्तूच्या एका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा ही वडिलांची पद्धत होती. ठिपका तडकला असेल तर मधे कुणीतरी हात घातला, गिऱ्हाईक काहीही म्हणो. या डबीवर तिने आईच्या बाटलीतला गडद लाल लावला होता. आत्ता होता तो उजळ होता, थोडा नारिंगीकडे झुकणारा. कडेने खालचा जुना गडद लाल दिसत होता, तडकलेला.

तिने चारही स्क्रू काढले.

आत तिचं काम जसंच्या तसं होतं. अकरा जोड, अकराही चकाकत असलेले. पण त्याला जोडणाऱ्या दोन तारा सॉकेटपासून उपटून बाजूला दुमडून ठेवल्या होत्या. आणि एका सॉकेटपासून दुसऱ्यापर्यंत सरळ, मधलं सगळं टाळून, गिटारच्या तारेचा एक तुकडा गेला होता. दोन्ही टोकांना सोल्डरचे राखाडी गोळे, चघळून चिकटवल्यासारखे. पोलाद असं सहजासहजी सोल्डर धरत नाही, हे गिटारवाल्याला कुठून ठाऊक असणार? एक गोळा बोट लावताच हलला. खरखर तिथली होती.

बॅटरीच्या जागी बॅटरी नव्हती. डबी वाजू नये म्हणून घडी घालून कोंबलेला एक कागद होता. तिने उलगडला. स्टुडिओची वेळेची चिठ्ठी. चौदा ऑगस्ट, सकाळी दहा ते दोन. दुकानाच्या भिंतीवरच्या त्या वर्षीच्या कॅलेंडरात तिने त्या तारखेभोवती गोल केला होता. पहिलं गाणं त्या दिवशी रेकॉर्ड झालं.

म्हणजे त्या गाण्यातही ती नव्हती.

ती उठली, ड्रॉवरमधून नवी बॅटरी आणली. तिस्नाच्या तारेचं हलणारं टोक सोडवलं, दुमडलेल्या दोन तारा जागच्या जागी जोडल्या आणि त्याची गिटार मांडीवर घेतली. पहिल्याच सुरामागे एक बारीक शिटी आली. आवाज कमी केला तरी ती राहिली. त्या दिवशी स्टुडिओत हीच शिटी आली असणार. सगळ्यांसमोर.

तिने डबी काढून टाकली. गिटार सरळ अ‍ॅम्पला. अ‍ॅम्पची बटणं त्याने लावून ठेवली होती तशीच. त्या गाण्याच्या सुरुवातीचे अकरा सूर ती घरी स्वस्तातल्या अ‍ॅम्पवर शेकडो वेळा वाजवत आली होती, आणि दर वेळी अ‍ॅम्पला दोष देत आली होती. आता तिने ते त्याच्या गिटारवर, त्याच्या अ‍ॅम्पवर वाजवले.

सूर सगळे बरोबर होते; तो आवाज मात्र नव्हता.

तिने पुन्हा वाजवले, हळू. तिसऱ्या वेळी सहाव्या सुरावर थांबली आणि तारांवर तळवा ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात त्यांना परतायला वीस मिनिटं होती.

काही न बोलता डबी बंद केली असती तरी चाललं असतं. गुमिलारने तिचं नाव लिहिलं असतं आणि तिस्नाने मान डोलावली असती. सतरा वर्षं, प्रत्येक मंचावर, प्रत्येक फोटोत, या रिकाम्या डबीवर पाय ठेवून तो मान डोलावतच आला होता. तिला एकदम त्याचा इतका राग आला की तिने स्क्रू मुठीत घट्ट दाबले. काढून टाकायची होती डबी. नको होती तर तोंडावर सांगायचं. अशी दया कशाला?

मग तिने सोल्डरिंगचा स्विच लावला. आपल्या दोन तारा सोडवून होत्या तशा दुमडल्या, बॅटरी काढली. त्याच्या तारेची टोकं ब्लेडने पांढरी होईपर्यंत खरवडली, फ्लक्स लावला आणि दोन्ही जोड नव्याने दिले. गुळगुळीत, चकाकणारे. चिठ्ठी जुन्याच घड्यांवर दुमडून जागेवर ठेवली. स्क्रूवरचा ठिपका खरवडून काढला, डबी बंद केली आणि ठोकून पाहिली. वाळू नव्हती.

दोघं बतागोरचा, माशाच्या तळलेल्या वड्यांचा, पुडा घेऊन आले. दुकानभर शेंगदाण्याच्या चटणीचा वास पसरला. तिस्नाची नजर आधी डबीकडे गेली, मग स्क्रूकडे. चारही स्क्रू कोरे होते, एकावरही ठिपका नव्हता.

“सापडली?” त्याने विचारलं.

“सापडली. एक जोड कच्चा होता.”

“तेह, मी—”

“खाऊन घे. गार होतंय.”

गुमिलारने एक तुकडा तोंडात टाकत पेन्सिल उचलली. “हं, आता या चौकोनात काय लिहू? आत नक्की आहे तरी काय?”

“लिही ना,” तिस्ना घाईने म्हणाला, “तेह इमासने बनवलेली, आणि आवाजाचं सगळं श्रेय—”

“तुला विचारलंय का?”

तिने गुमिलारच्या हातातली पेन्सिल घेतली. एका बाणाच्या टोकापासून पुढच्या बाणापर्यंत, चौकोनाच्या आरपार, पट्टी लावून एक सरळ रेघ ओढली.

“म्हणजे?” गुमिलारला कळेना.

“म्हणजे तार. बाकी काही नाही.”

“मग तो आवाज कुठून येतो?”

तिस्नाने खाली पाहिलं. त्याच्या डाव्या हाताची बोटं चटणीने माखली होती.

“हात धुऊन ये,” इमास त्याला म्हणाली. “आणि वाजवून दाखव याला.”

तो आत मोरीकडे गेला. नळाचा आवाज आला. इमासने कागद स्वतःकडे ओढला, पान उलटलं आणि एका ओळीवर पेन्सिलचं टोक टेकवलं.

“हे ‘शेजारी’ खोड. इथे नाव घाल. इमास रोहायाती.”

“इथे? लहानपणच्या भागात?”

“इथेच. रो-हा-या-ती. नीट लिही.”

पेन्सिल परत घेऊन तो लिहू लागला. अक्षरन् अक्षर पुरं होईपर्यंत ती त्याच्या खांद्यावरून पाहत राहिली. आत नळ अजून चालूच होता.