गोळीबार चौकातलं कॉन्स्टँटिनोपल

गेली बावीस वर्षं चंपतराव निमजे सर दर जुलैत कॉन्स्टँटिनोपल पाडत होते. नववीचा इतिहास. तुर्कांनी शहर जिंकलं, पूर्व रोमन साम्राज्य संपलं, उत्तर दोन गुणांचं. ते शहर सरांनी पाहिलं नव्हतं. कामठीच्या पलीकडे ते कोणाच्या लग्नापुरतेच जात. पण शहर पडलं त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे.

मग शहाऐंशी साली गोळीबार चौकातल्या गुलाबचंदने सायकली भाड्याने देणं सोडून व्हिडिओ गेमचं दुकान काढलं, आणि त्यात एक मशीन नेमकं कॉन्स्टँटिनोपलचं निघालं. उंच तट, शिड्या लावून चढणारी तुर्की फौज, आणि वर आपण एकटे, उकळत्या तेलाची कढई घेऊन. नकाशा बरोबर आहे का एवढंच पाहायला सर एकदा आत गेले. नकाशा साफ चुकला होता, समुद्र भलत्याच बाजूला होता. ही चूक पाहायला सर रोज जाऊ लागले. तास नसला की छत्री तोंडासमोर धरून निघायचे, ऊन असो नसो. दिवाळीपर्यंत साम्राज्य टिकलेलं होतं.

एका रविवारी मोहल्ल्यातल्या बाया त्यांच्या दारात आल्या. पोरं हातमागावर बसत नाहीत, पुस्तकाला हात लावत नाहीत, सारी त्या दुकानात पडलेली. दुकान बंद झालं पाहिजे.

"तुम्ही पुढं व्हा सर. तुमच्या शब्दाले वजन आहे," पंचफुलाबाई नंदनवार म्हणाली. तिचा चिंतामण सरांच्याच वर्गात दुसऱ्यांदा नववी करत होता.

नाही म्हणायला सरांकडे कारण होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. ते पुढे झाले.

गुलाबचंदने मोर्चा पाहिला, मोर्चाच्या तोंडाशी आपलं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक पाहिलं, आणि चेहरा तसाच कोरा ठेवून विचारलं, "आपण कोण?" माणूस धंद्याचा होता.

आत चिंतामण सापडलाच. सरांनी भाषण सुरू केलं. "या यंत्रांनी आपली एक अख्खी पिढी..." तेवढ्यात त्यांच्या पाठीमागचं यंत्र, कोणी खेळत नसलं की करतं तसं, शहर वाचवणाऱ्या पहिल्या दहा वीरांची नावं दाखवू लागलं. जिंकणाऱ्याने नावाची तीन इंग्रजी अक्षरं टाकायची अशी रीत होती. दहाच्या दहा ओळींत एकच वीर होता. सी आर एन.

पंचफुलाबाई प्रौढशिक्षणाच्या वर्गात इंग्रजी अक्षरांपर्यंत पोचली होती. तिने ती एकेक करून लावली. चिंतामण रामकृष्ण नंदनवार. मग वळून पोराच्या कानाखाली दिली.

"माय, मी नाही वं! मी तर पहिल्याच शिडीले मरतो!"

"खोटं बोलून राहिला! इथं दहा डाव नाव लिवलं, अन् परीक्षेच्या पेपरावर लिवाले विसरते!" दुसरी बसली.

चंपत रघूजी निमजे छत्रीची मूठ पाहत उभे होते. तिसरी बसली तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून आवाज निघाला.

"थांबा. सी आर एन मी आहे."

मोर्चातल्या मैनाबाईने डोळ्याला पदर लावला. "पहा वं बाई. पोराचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिले."

"अहो, मी खरंच खेळतो! रोज येतो!"

"राहू द्या सर. तुमचं मन आम्हाले मालूम आहे."

"गुलाबचंद, तुम्ही सांगा यांना!"

"मी तर सरांले आजच पाहून राहिलो," गुलाबचंद म्हणाला, आणि गिऱ्हाईक वाचवल्याच्या समाधानात त्याने सुपारी तोंडात टाकली.

"मग बघाच," म्हणून सर यंत्रासमोर उभे राहिले. नाणं गुलाबचंदलाच टाकावं लागलं.

डावीकडे तेल, उजवीकडे तेल. एक शिडी गेली, दुसरी गेली. तुर्क पटापट खाली पडू लागले. मागे बायांची कुजबुज थांबली.

"अवं," मैनाबाई हळूच म्हणाली, "सरांचा हात तर बसलेला दिसते."

ही शांतता सरांच्या ओळखीची होती. कॉपी करताना पोरगा सापडला की वर्गात पसरते ती. आजवर ते तिच्या दुसऱ्या बाजूला उभे असत. त्यांचा हात यंत्राच्या दांड्यावरून सुटला. सुटला म्हणजे त्यांनी काढला. तुर्क निवांत वर चढले, जणू त्यांना कोणी बोलावलंच होतं. शहर पडलं.

बायांनी श्वास सोडला. "देवमाणूस! खेळता येत नाही, तरी पोरासाठी उभे राहिले."

पंचफुलाबाईने चिंतामणला मानेला धरून सरांच्या पायाशी वाकवलं. "पाय पड. असा मास्तर भेटत नाही कोणाले."

तो वाकला. गालावर बोटं उमटलेली होती. वाकल्या-वाकल्या, फक्त सरांनाच ऐकू जाईल असं त्याने विचारलं, "सर, तुम्ही जिंकून राहिले होते. हात काहून काढला?"

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "अभ्यास कर."