दुपारच्या बसला हरकत

गावात तिचा चेहरा न ओळखणारी माणसं सापडतील, आवाज न ओळखणारं एकही नाही. गावपरिषदेच्या कचेरीत जिन्याखाली एक खोली आहे. खोली कसली, कपाटालाच दार लावलंय म्हणा. आत एक टेबल, एक माइक, माइकवर धुवून धुवून विरलेला हातरुमाल आणि सकाळ-संध्याकाळ ती. खांबांवरच्या भोंग्यांतून तिचा आवाज घराघरांत शिरतो, म्हणून सगळं गाव तिला भोंगाताई म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि तीही खुशाल ओ देते.

सूचना ती लिहीत नाही, लिहितो कारकून. पण हे गावाला कोण समजावणार? पाणी येईल म्हणून सांगितलं आणि नाही आलं, की बायका भर रस्त्यात तिलाच गाठतात. "तूच म्हणालीस ना गं सकाळी?" वीज जाईल म्हणून सांगितलं आणि गेली नाही, तरीही बोलणी तिलाच, कारण लोकांनी आधीच घाईघाईनं कामं उरकलेली असतात. कुत्र्यांना लस टोचायला माणसं आली तेव्हा एका म्हातारीनं तिला विचारलं होतं, "माझ्या कुत्र्यानं तुझं काय वाकडं केलं होतं?" सुरुवातीला ती चिडायची. मग हसण्यावारी न्यायला शिकली. जिभेवर मालकी कारकुनाची आणि मार आपल्याला, असा हा धंदा आहे, हे तिनं पत्करलं होतं.

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा म्हणजे गावाचे टेलरकाका. आता मशीनवर चादर घातलेली असते, पण एके काळी गावातलं निम्मं कापड त्यांच्या हाताखालून गेलंय. माणूस इतका भिडस्त, की गिऱ्हाईक उद्याच्या लग्नाचा कोट आज संध्याकाळी घेऊन आलं तरी बाबा म्हणणार, "हरकत नाही." मग स्वतः जागणार. उसवलेलं फुकट शिवून दे, हरकत नाही. मापात चूक तुझीच, हरकत नाही. हे त्यांचं पालुपद आईला अजिबात खपायचं नाही. "एकदा तरी हरकत घ्या हो," ती म्हणायची, "मेल्यावर यमालाही हेच सांगाल."

ती बोलणारी आई आता बोलत नाही. मागच्या वर्षी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि सारखी कूस बदलणं, सलाईनमधून औषध देणं हे घरी होईना, म्हणून तिला शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तिथल्या नर्स चांगल्या आहेत. पण आई त्यांच्या हातून खात नाही. लेकीच्याही हातून खात नाही. एका सुट्टीच्या दिवशी भोंगाताईनं करून पाहिलं, तर आईनं ओठ असे घट्ट मिटले की चमचा नुसता ओठांवर फिरत राहिला. शेवटी बाबांनी वाटी घेतली आणि दुधात कुस्करलेला पाव दोन घासांत पोटात गेला. तेव्हा लेकीला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगा, थोडा हेवाही वाटला.

म्हणून बाबा रोज दुपारच्या बसनं जायचे, जेवणाच्या वेळेला आत सोडतात तेवढ्यात तिला भरवायचे आणि तीच बस परत फिरली की तिनं घरी यायचे. जेवणाची वेळ सोडून त्या दारात कुणाला उभं करत नाहीत, म्हणून सकाळची आणि संध्याकाळची बस बाबांच्या कामाची नव्हती. बसमध्ये बाबांखेरीज कधी कॉलेजची दोन पोरं, कधी भाजीची टोपली घेतलेली बाई, कधी कुणीच नाही. ड्रायव्हर बाबांना गमतीनं म्हणायचा, "काका, ही बस तुमच्याच नावावर करून देतो." बाबांना ते ऐकून संकोच वाटायचा.

त्या दिवशी सकाळी कारकुनानं सूचनांचा कागद टेबलावर ठेवला. टाकी धुणार म्हणून पाणी बंद. बाजाराजवळ डाव्या पायाची एक चप्पल सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी. आणि तिसरी, एक तारखेपासून दुपारची बस बंद.

तिनं चप्पल वाचली आणि ती थांबली. भोंग्यांतून नुसती खरखर येत राहिली. मग तिनं माइक बंद केला आणि कागद घेऊन थेट कारकुनाच्या टेबलापाशी गेली.

"अहो, हे काय? कुणाला न विचारता बस बंद?"

"न विचारता कसं?" कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला. "मागच्या महिन्यात सूचना दिली की. दुपारच्या फेरीच्या पुनर्रचनेबाबत कुणाची हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे. तुम्हीच वाचलीत, दोनदा."

तिला आठवलं. वाचली होती. पुनर्रचना म्हणजे वेळ थोडी मागेपुढे होईल, असं तिला वाटलं होतं. बंद करण्याला पुनर्रचना म्हणतात हे तिला कुठून कळणार? ज्या गावात बंद म्हटलं की लोक धावून येतात, तिथं शहाणी माणसं बंद म्हणतच नाहीत.

"आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही हं," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. "रोजच्या प्रवाशांना मी स्वतः फोन केले. तुमच्या बाबांनाही केला. म्हटलं, काका, दुपारच्या बसचं जरा बदलायचं चाललंय, तुमची हरकत नाही ना?"

पुढचं तिला ऐकायची गरज नव्हती.

"ते म्हणाले, छे छे, हरकत नाही. उलट माझ्याच तब्येतीची चौकशी केली. मी तसं नोंदवलं. सगळे प्रवासी, हरकत नाही."

ती अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष लगबगीत होते, पण त्यांनी ऐकून घेतलं. "ताई, बसवाल्यांना आपण अजून अंतिम कळवलेलं नाही. उद्या सभा आहे. बाबांना घेऊन या. रोजचा प्रवासी सभेत उभा राहून हरकत आहे म्हणाला, की मी कागद परत पाठवतो. शब्द देतो. पण प्रवाशानं स्वतः म्हणायला हवं. तुम्ही परिषदेच्या नोकर, तुम्हाला सभेत बोलता यायचं नाही."

म्हणजे सगळं दोन शब्दांवर आलं. हरकत आहे. एवढं जमलं तर आई जेवणार.

संध्याकाळी तिनं बाबांना समोर बसवलं. आधी त्यांना काही पटेचना. "अगं, मला वाटलं वेळ बदलतायत. तो बिचारा इतक्या अदबीनं विचारत होता."

"बाबा, बस बंद होतेय. आईला कोण भरवणार?"

बाबांचा चेहरा पार उतरला. मग म्हणाले, "काय म्हणायचं ते सांग."

"उभं राहायचं आणि म्हणायचं, माझी हरकत आहे. म्हणा बघू."

"माझी... म्हणजे तशी..."

"तशी नाही. माझी हरकत आहे."

"माझी हरकत आहे," बाबा म्हणाले आणि लगेच दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. तिला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. शेवटी शेवटी तर असे ठासून म्हणायला लागले, की शेजारीण डोकावून गेली, काय भांडण चाललंय का म्हणून. भोंगाताई त्या रात्री निर्धास्त झोपली.

सभेच्या खोलीत खुर्च्या कमी होत्या, लोक त्याहून कमी. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. ती मागे भिंतीला टेकून उभी, नोकराच्या जागी. टाकीचं झालं, रस्त्यावरच्या दिव्यांचं झालं. मग अध्यक्षांनी बसचा विषय काढला. त्यांनी दिलेला शब्द पाळला, नाही असं नाही. ते म्हणाले, "दुपारच्या फेरीबाबत आपले टेलरकाका काही बोलणार आहेत."

बाबा उभे राहिले. उभे राहताना खुर्ची सरकली, तिला सावरलं, शेजारच्याची माफी मागितली.

"या काका, या," अध्यक्ष आपल्या जागेवरून अर्धवट उठले. माणूस मोठा गोड. "माझा पहिला सूट काकांनी शिवलेला, बरं का मंडळी. अजून ठेवलाय. कसे आहात काका? काकू कशा आहेत?"

"ठीक. ठीक आहे सगळं," बाबा म्हणाले.

भिंतीपाशी ती मनातल्या मनात म्हणत होती, बाबा, ठीक नाही म्हणा.

"आता बघा काका, त्या बसला परिषद पैसे भरते, त्यापायी शाळेच्या गाडीला डिझेल पुरत नाही. पोरं सकाळी चालत जातायत. पण तुम्ही आमच्या वडलांच्या जागी. तुमची फारच अडचण होणार असेल, तर तसं स्पष्ट सांगा. पोरांचं आम्ही बघू काहीतरी."

खोलीतले सगळे बाबांकडे वळले. कुणी रागानं बघत नव्हतं. रागानं बघितलं असतं, तर कदाचित जमलं असतं. शाळेतल्या पोरांची एक आई तर त्यांच्याकडे बघून कसनुसं हसली. बाबांनी मागे वळून लेकीला शोधलं. तिनं ओठांनी, आवाज न करता, ते दोन शब्द म्हटले. सगळ्या गावाच्या कानात शिरणारी ती, आणि आज तिला आवाज काढायची परवानगी नव्हती.

"माझी..." बाबा म्हणाले. "माझी तशी... पोरांची सोय आधी व्हायला हवी. माझं काय, मी सकाळच्या बसनं जाईन."

"नाही!" ती भिंतीपासून पुढे आली. "अध्यक्षसाहेब, त्यांना म्हणायचंय—"

"ताई," अध्यक्ष हळूच म्हणाले, "काका बोलतायत ना." आणि बाबांना म्हणाले, "मनाचा मोठेपणा आहे हा काका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा त्या टाळ्यांत खाली मान घालून बसले. घरी आल्यावर बाबांनी सदरा काढून घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "मी म्हणणार होतो गं." तिला त्यांचा इतका राग आला होता, की ती चुलीपाशी पाठ करून उभी राहिली. आणि रागावून तरी कुणावर रागावणार?

दुसऱ्या दिवशी तिनं सूचना वाचली. एक तारखेपासून दुपारची बस बंद. कुणीही हरकत घेतलेली नाही.

एक तारखेपासून बाबा सकाळच्या बसनं जाऊ लागले. शुश्रूषागृहाबाहेर एक बाक आहे, त्यावर जेवणाच्या वेळेपर्यंत बसायचं, आईला भरवायचं, आणि पुन्हा बाकावर, संध्याकाळच्या बसपर्यंत. पहारेकरी पाणी द्यायचा. तिनं दूधगाडीवाल्याला गळ घातली, पण त्याची गाडी पहाटेच जाऊन सकाळी परत यायची. रोज भाड्याची गाडी करणं तिच्या पगारात बसत नव्हतं. बाबा म्हणायचे, बाकावर छान वारा लागतो. त्यांचे पाय सुजत चालले होते, पण ते पाय पायमोज्यांत लपवायचे. मग एक दिवस पहारेकऱ्याचा कचेरीत फोन आला, की काका बाकावरून खाली पडलेत. डॉक्टरांनी तपासलं आणि बजावलं, की आता अंथरुणातून उठायचं नाही, निदान पायांची सूज उतरेपर्यंत. कधी उतरेल, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कचेरीतून रजा घेऊन घरी होती. जेवणाच्या वेळेला फोन वाजला. शुश्रूषागृहाची नर्स.

"आजोबा आले नाहीत का हो? आजी तोंडच उघडत नाहीयेत. कालपासून काही नाही पोटात. मी करून पाहिलं, मोठ्या सिस्टरनी पाहिलं."

भोंगाताईनं सांगितलं काय झालं ते. मग म्हणाली, "फोन जरा तिच्या कानाशी धराल?" नर्सनं धरला. "आई, मी बोलतेय. खा गं दोन घास. ऐकतेस ना?" पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. घरोघरी ज्याच्यामागे लोक बादल्या घेऊन धावतात तो हा आवाज, आणि आपल्याच आईपुढे त्याचं काही चालत नव्हतं.

"माझ्याकडे दे," बाबा अंथरुणातून म्हणाले.

तिनं त्यांना उशीला टेकवून बसवलं, फोन दिला. बाबांनी तो डाव्या हातात धरला. घसा साफ केला.

"मी आहे," ते म्हणाले. "हे बघ, मी इथं आहे. आज जरा घरूनच. सिस्टर भरवतायत ना, तो माझाच हात समज. हं. आ कर."

आणि त्यांनी उजवा हात वर उचलला. चिमटीत चमचा असल्यासारखा, न सांडता, हळूहळू पुढे नेला. कुणालाही भरवताना माणसाचं आपलंच तोंड आधी उघडतं, तसं बाबांचं तोंड उघडलं. "आ. आ कर बघू. एवढाच एक घास."

ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बघत होती. समोर भिंत होती आणि बाबा भिंतीला भरवत होते.

फोनमधून नर्सचा आवाज आला. "ऐकू जातंय त्यांना आजोबा. पण त्या दाराकडे बघतायत."

"दाराकडे बघू नकोस," बाबा म्हणाले. "मी दारात नाहीये. इकडं, चमच्याकडं बघ. आ."

बराच वेळ गेला. मग नर्स म्हणाली, "आजोबा, मी ताट उचलते आता. बाकीच्यांचंही बघायचंय मला."

"हो, हो, उचला," बाबा लगबगीनं म्हणाले. "तुम्हाला उगाच त्रास झाला."

फोन कधीच बंद झाला होता. तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. उजवा हात मात्र त्यांनी अजून तसाच वर धरला होता, आणि तो खाली कसा घ्यायला सांगावा, हे तिला कळत नव्हतं.