पाठमोरा फोटो

सकाळची भांडी नुकतीच आवरली होती. सासूबाई खिडकीशी भाजी निवडत होत्या, लेक वही घेऊन बसली होती आणि ती शिलाई मशीनवर शर्टांची काजं करत होती. तेवढ्यात पोस्टमन पाकीट देऊन गेला. वर नाव होतं मास्तरांचं.

मास्तर म्हणजे तिचे यजमान. गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत त्यांची वीस वर्षं गेली. पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबायचं असतं, हे निम्म्या शहराला त्यांनीच शिकवलं. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

पाकिटात दंडाची नोटीस होती. लाल दिवा असताना चौक ओलांडल्याची. सोबत कॅमेऱ्याने टिपलेला फोटो : मास्तरांची स्कूटर आणि तिच्यावर पाठमोरा माणूस. अंगात राखाडी स्वेटर, डाव्या कोपरावर निळ्या लोकरीची रफू. राखाडी लोकर संपली म्हणून तिनेच ती निळी वापरली होती. "असू दे," मास्तर म्हणाले होते, "हात दाखवून वळताना लांबून दिसेल."

तिने फोटो उराशी धरला. बाकीचं काही वाचायचं सुचलंच नाही.

"आई, तारीख बघ ना," लेक म्हणाली. "तेव्हा बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते."



स्कूटर धाकट्या दिराने आठव्याच दिवशी नेली होती. "वहिनी, उभी राहून गंजेल उगाच," म्हणत त्याने खिळ्यावरची किल्ली उचलली. मग स्वेटर गेला, घड्याळ गेलं. त्याने विचारलं नाही, तिने अडवलं नाही. नवरा गेलेल्या बाईने वस्तूंवर हक्क सांगणं बरं दिसत नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पण ते तिला पाठ होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दीर कामावरून याच गल्लीने घरी जाई. तोच आवाज, वळणावर तोच खोकला इंजिनाचा. आवाज आला की सासूबाईंचा हात आपसूक फळीकडे जाई आणि चौथं ताट मांडलं जाई. आवाज पुढे निघून जाई. मग ताट पुन्हा फळीवर.

नोटीस आल्याचं कळताच दीर आला. "त्यात काय एवढं, वहिनी? वारस म्हणून सही करा, गुन्हा मान्य म्हणा. तारखा कोण ताडून बघतो? दंड मी भरतो."

"पण तुमच्या दादांनी कधी दिवा तोडला नाही, भाऊजी."

"दादाला आता काय फरक पडतो? माझी ही तिसरी वेळ आहे. परवाना गेला तर गाडीवरची नोकरी गेली."

दुसऱ्या दिवशी ती वाहतूक कार्यालयात गेली. खिडकीमागचा कारकून चहा पीत होता.

"वकील कशाला हवा, ताई? मान्य असेल तर सही करा. नसेल तर कोर्टात उभं राहून दोनच गोष्टी सांगायच्या. तुमचे यजमान कधी गेले आणि गाडीवर कोण होतं. रांग मोठी असते. सिग्नल सुटायला लागतो तेवढाच वेळ मिळेल."

घरी लेक आजीचा चष्मा लावून, न्यायाधीश होऊन स्टुलावर बसली. "नाव?"

"मास्तरांची बायको."

"आई! नाव विचारलंय, नातं नाही."

ती हसली आणि मग थबकली. तीन महिन्यांत तिला नावाने कोणी हाक मारली नव्हती. तिने ते हळूच उच्चारलं.

"मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे. हं, गाडीवर कोण होतं?"

तिला उत्तर देववेना. फोटोतला माणूस आता मान वळवेल, असं वाटत राहिलं. तो माणूस म्हणजे ते नव्हेत असं एकदा तोंडाने म्हटलं, की मास्तर दुसऱ्यांदा जाणार होते.

"कोण होतं ते मला फोटो बघताच कळलं," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "दोघांच्या पाठी मीच चोळून धुतल्यात."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"गेलेल्याचं काय जाणार आहे गं? राहिलेल्याची भाकरी जाईल."

"रोज ताट कोणासाठी मांडता? त्यांच्याच नावावर हा गुन्हा लिहून देऊ?"



तारखेच्या सकाळी तिने देवापुढे दिवा लावला. एवढंच मागितलं, आवाज फुटू दे.

कोर्टात मागच्या बाकावर दीर बसला होता, बोटाभोवती किल्ली फिरवत. न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं, "मान्य?"

"नाही, साहेब." तिने मृत्यूचा दाखला पुढे ठेवला. "हे त्याच्या पाच आठवडे आधीच गेले होते."

"मग गाडीवर कोण?"

किल्लीचा आवाज थांबला.

"माझे धाकटे दीर."

न्यायाधीशांनी आता तिच्याकडे पाहिलं. "गाडी त्यांच्याकडे कशी गेली?"

हा प्रश्न लेकीने विचारला नव्हता. तरी उत्तर तयार होतं, तीन महिन्यांपासून.

"नेली. फोटोतला स्वेटरही नेला. मला कोणी विचारलं नाही."

टंकलेखकाची बोटं चालली. ते वाक्य कागदावर उमटलं.

त्या संध्याकाळी आवाज आला आणि सासूबाईंचा हात फळीकडे गेला. पण आवाज दारातच थांबला. खिडकीतून किल्ली आत पडली, पावलं दूर गेली. सासूबाईंनी किल्ली उचलली, खिळ्यापर्यंत नेली आणि मागे वळून सुनेच्या तळहातावर ठेवली. "साऱ्या शहराला शिकवलं त्याने. तुझंच तेवढं राहिलं. शीक आता."

घरातला कर्ता माणूस गेला, की त्याच्या वस्तू एकेक करून घराबाहेर पडतात. आपल्याही नात्यात अशी एखादी खिळ्याची भिंत असेल. तिच्यावरची किल्ली उचलताना खाली बसलेल्या बाईला आपण विचारलं होतं का, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

दुसऱ्या संध्याकाळी गल्ली शांत होती. तरी त्या वेळेला सासूबाईंचा हात फळीकडे गेलाच. तिने तो अलगद आपल्या हातात धरून ठेवला.