शेवटच्या टेबलावरचे घड्याळ

मित्रांनो, बुद्धिबळाच्या डावात वेळ मोजणारे एक जुने घड्याळ तुमच्याशी बोलते आहे. माझ्यासारख्या वस्तूंनी स्वतःची कहाणी सांगताना गळा दाटून आणावा, असा रिवाज आहे. तुमच्या निबंधांत फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते, शाळेची घंटासुद्धा रडते. मी रडणार नाही. मला जे म्हणायचे आहे, त्यासाठी कोरडा आवाज पुरेसा आहे.

माझी रचना साधी आहे. एका लाकडी पेटीत दोन तबकड्या आणि वर दोन कळा. चाल केली की खेळाडूने आपल्या बाजूची कळ दाबायची. त्याचा काटा थांबतो आणि समोरच्याचा चालू लागतो. वेळ संपत आली की बाराच्या आकड्यापाशी असलेली लाल झेंडी काट्यावर तोलली जाते, आणि वेळ संपताच पडते. झेंडी पडली की डाव गेला. त्यात वशिल्याला जागा नाही आणि कौतुकालाही नाही. मला घडवणाऱ्याने हा एकच गुण माझ्यात घातला, आणि पुढे माझी जी उपेक्षा झाली ती याच गुणापायी झाली, असे माझे मत आहे.

तरुणपणी मी एका बँकेच्या कर्मचारी क्लबात होते. तिथे माझी टिकटिक ऐकताच मोठमोठे साहेब घाम पुसत, आणि लोक माझ्याभोवती उभे राहून श्वास रोखत. क्लब बंद पडला तेव्हा एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मला नेरुळच्या त्यांच्या सोसायटीला भेट दिले. सोसायटीने टाळ्या वाजवल्या, माझ्यासह फोटो काढला आणि मला वाचनालयाच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. शेजारी तर्कशास्त्र होते, इतिहास होता, थोरांची चरित्रे होती. त्या सोसायटीत ती पुस्तके वाचणारे मी एकटेच.

मग जयप्रकाश सरांचा बुद्धिबळाचा वर्ग क्लबहाउसमध्ये दर रविवारी भरू लागला. त्यांची डिजिटल घड्याळे एकाने कमी पडली, म्हणून मला बाहेर काढून शेवटच्या टेबलावर ठेवण्यात आले. नवी मुले तिथे बसत. सतत हरणाऱ्यांनाही तिथेच पाठवत. सर त्या टेबलाकडे क्वचितच येत. आले तर कोणत्याही चालीला ‘एक्सलंट’ म्हणून पुढे जात. वजीर फुकट गेला तरी एक्सलंटच.

म्हणून नवशिक्या खेळाडूंविषयी जे मला ठाऊक आहे, ते त्या वर्गात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. मी मोहरे पाहत नाही, मी दोन चालींमधली शांतता ऐकते. नवा खेळाडू पहिल्या आठवड्यांत शांतता ठेवतच नाही. समोरच्याचा हात उठायच्या आत त्याचा हात पटावर असतो. त्याला फक्त स्वतःचा बेत दिसतो. समोर बसलेल्या माणसालाही काही बेत असेल, हे त्याच्या गावी नसते. पुढे एक दिवस समोरची चाल होते आणि तो थांबतो. ‘हा इथे का आला?’ एवढाच प्रश्न त्याच्या मनात येतो. प्रगती म्हणतात ती हीच. तिला टाळी मिळत नाही, कारण ती ऐकू येत नाही. सर मात्र मुलांकडून सुरुवातीच्या चाली पाढ्यांसारख्या पाठ करून घेत होते. पाठ संपला की मुले पुन्हा पहिल्या आठवड्यात.

त्या टेबलावर मनस्वी आली. तिचे आजोबा देवजी हे जवळच्या शिरवणे गावातले. त्यांची शेती गेली, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या दोन त्यांच्याच. ते स्वतः बेताचेच खेळत, पण बोलत मोठ्या ऐटीत. नातीला गावच्या नियमांनी त्यांनीच शिकवले होते. त्या नियमांत राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. पहिल्याच रविवारी शह बसताच मनस्वीने राजाला तशी उडी मारायला लावली, आणि सगळा वर्ग हसला.

“हे काय आहे?” सरांनी विचारले.

“अडीच घरं. आजाने शिकवलंय.”

“गावठी चेस. इथे चालत नाही.”

मागच्या खुर्चीवरून देवजी म्हणाले, “नाय चालत तर नाय चालत. इथला कायदा येगला.” आणि तो विषय त्यांनी सोडला. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. मनस्वी हरून उठू लागली की ते दटावत, “बस खाली. घोरा कनी मेला, ता सांग पयला. मंग उठ.” त्यांच्या गावच्या ओट्यावर हरलेल्याने डाव पुन्हा मांडायचा, आपला घोडा कशाने मेला, आपण कुठे चुकलो ते सर्वांसमोर बोलायचे, आणि मगच जागा सोडायची, अशी रीत होती. जिंकलेल्याने तोवर गप्प बसायचे.

“काका, टाइम वेस्ट नको, नेक्स्ट राउंड आहे,” सर म्हणत.

“तुमचा राउंड कुठं पलून चाललाय?” देवजी विचारत.

पहिल्या महिन्यात मनस्वी एकाच पद्धतीने हरत राहिली. हितेश नावाचा सरांचा लाडका विद्यार्थी या टेबलावर येऊन वजीर आणि उंट एकाच प्याद्यावर रोखून चौथ्या चालीत मात करी. ती प्रत्येक वेळी तो डाव पुन्हा मांडी. एका रविवारी हितेशचा वजीर बाहेर आला आणि माझा काटा चालतच राहिला. तिने हात मांडीखाली दाबून धरला होता. ती पाहत होती. त्या दिवशीही ती हरली, पण चौथ्या चालीत नाही.

सर आता सत्राच्या शेवटी स्पर्धा घेणार होते. तिच्यात एकही डाव न जिंकणाऱ्याला पुढच्या बॅचमध्ये जागा नव्हती. तीन महिने ज्यांना एक्सलंट म्हटले, त्यांनाच काढण्याची ही व्यवस्था. हा विरोधाभास त्यांना जाणवला नसावा. तर्कशास्त्राचे पुस्तक कपाटातच होते. मनस्वीचे वडील, म्हणजे देवजींचे चिरंजीव प्रीतम, यांनी तिला माझ्यादेखत बजावले, “बॅचमधून काढलं तर चेस बंद. संडेला मॅथ्सची ट्यूशन. उगाच टेन्शन नको.”

स्पर्धेत ती एकापाठोपाठ एक डाव हरली. उरला शेवटचा, हितेशशी. त्याने पाठ केलेल्या चाली झरझर केल्या, मग पाठ संपला तरी झरझरच खेळत राहिला. मनस्वी थांबली, मग तिने घोडा अशा घरात ठेवला की तिथून राजाला शह बसला आणि हत्तीही माऱ्यात आला. राजा हलला, हत्ती गेला. हितेशचा हात तरीही थांबला नाही. तिचा मात्र आता प्रत्येक चालीला थांबू लागला. काटा वर चढला, झेंडी तोलली गेली, आणि मी ती पाडली.

ती पाडायलाच हवी होती. मी एक क्षण दया दाखवली असती, तर माझ्यात आणि ‘एक्सलंट’मध्ये फरक राहिला नसता.

“सर, फ्लॅग,” हितेश म्हणाला आणि उठला. मनस्वी उठली नाही. तिने मोहरे पुन्हा मांडायला घेतले.

“चल बेटा,” सर म्हणाले, “सर्टिफिकेट सगळ्यांना मिळणार आहे.”

“मला चूक बघायचीय.”

“चूक काय त्यात, टाइमवर हरलीस.”

“टाइम कुठे गेला, तेच बघायचंय.” ती पटाकडे पाहत म्हणाली, “इथे. हत्ती मिळाल्यावर मी घाबरले. जिंकत होते म्हणून. साध्या चालीसुद्धा पुन्हा पुन्हा तपासत बसले.”

हितेश वळला. “तू जिंकत होतीस?”

“हत्ती कोणाचा गेला?”

“माझा. पण मी अटॅक करत होतो ना.”

“कशावर?”

त्याने पटाकडे पाहिले. तो परत खुर्चीवर बसला. मागून आणखी दोन मुले येऊन उभी राहिली.

तेवढ्यात प्रीतम तिला न्यायला आले. सर त्यांना म्हणाले, “सॉरी, नेक्स्ट बॅचला ती नाही बसत. आणि प्लीज टेबल खाली करायला सांगा.”

प्रीतम मुलीकडे पाहत राहिले. तिने मान वर केली नाही. हितेश विचारत होता, “मग मी इथे काय खेळायला हवं होतं?” आणि ती त्याला सांगत होती.

“सर,” प्रीतम सावकाश म्हणाले, “बॅच तुमची. टेबल सोसायटीचं आहे.” आणि त्यांनी स्वतःसाठी खुर्ची ओढली.

“ट्यूशन?” मनस्वीने विचारले.

“संध्याकाळी बघू. आधी दाखव, कुठे घाबरलीस.”

देवजी मागून म्हणाले, “आज माजा पोरगा दिसला.”

मनस्वी बॅचमध्ये नाही. दर रविवारी वर्गाच्याच वेळी ती या टेबलावर बसते, आणि सरांच्या बॅचमधली मुले आपले हरलेले डाव घेऊन तिच्याकडे येतात. सरांना ते आवडत नाही. त्यांनी समितीकडे तक्रार केली आहे, म्हणे. करू द्या.

मित्रांनो, आता मी तुमच्याकडे काही मागावे, अशी प्रथा आहे. मला जपून ठेवू नका. जपणे म्हणजे काय, ते कपाटाने मला पुरेसे शिकवले आहे. माझी कळ जोरात दाबा, माझे लाकूड झिजवा, झेंडी पडली की माझ्यावर हवे तेवढे चिडा. पण हरलात, तर चूक सापडेपर्यंत ती जागा सोडू नका. कोणी गोड बोलून हातात प्रमाणपत्र ठेवील आणि उठा म्हणेल. प्रमाणपत्र बाजूला ठेवा आणि मोहरे पुन्हा मांडा.