हलक्याचे पैसे

"काकाजी, लॅपटॉप काट्यावर नसते मोजत," असे म्हणत राजदीपने माझ्या हातांतले दोन्ही लॅपटॉप काढून घेतले.

मी ते शेजारच्या किराणा दुकानात न्यायला निघालो होतो. तिथला काटा मी येतानाच हेरून ठेवला होता.

"मंग कायच्यावर मोजते?"

"वजन लिहिलेलं असते न जी डब्ब्यावर."

लिहिलेल्यावर विश्वास ठेवला असता तर मी मापारी कशाला झालो असतो? मारेगावच्या कापूस खरेदीवर अख्खी उमर गेली माझी. तिथल्या काट्यावर मी कापूस तोलला, तूर तोलली, आणि एकदा वणीला चाललेल्या सर्कशीचा हत्ती तोलला. हत्तीला स्वतःचे वजन ऐकून इतकी लाज वाटली, की त्याने तीन दिवस ऊस खाल्ला नाही. हे ऐकून लोक माझ्याकडे बघतात. मी खोटे बोलत नाही हो. गाडी काट्यावर यायच्या आधी लोक कापसावर थोडे पाणी मारतात ना, वजन वाढावे म्हणून, तेवढेच मी खऱ्यावर मारतो.

राजदीपचे दुकान यवतमाळला. असली दुकाने तिथे पुष्कळ, पण हा आमच्या गावचा जावई. तेवढ्यासाठी ऐंशी किलोमीटर बसचे धक्के खात आलो. आल्यावर कळले, की घोटाळा झाला. गावच्या जावयाशी घासाघीस करायची कशी?

"बरं जावईबापू," मी म्हणालो, "हा मोठा अठ्ठेचाळीस हजाराचा. दोन किलोच्या वर भरते, मह्या हाताले कळलं. हा लहाना किलोच्या आत. अन् याचे एक लाख बारा?"

"हो जी. मेटल बॉडी हाये. दिवसभर चार्जिंग लागत नाही. अन् हलका."

"हलका हाये तं स्वस्त पायजे न."

"हलक्याचेच पैसे हायेत, काकाजी."

"म्हणजे जे नाही त्याचे?"

"तसंच समजा," राजदीप म्हणाला आणि हसू दाबायला फडक्याने काउंटर पुसू लागला.

माणसाने उमरभर जड मालाला जास्त पैसे लावावेत आणि सत्तरीत कोणीतरी त्याला हे ऐकवावे.

"तो लहाना द्या बरं इकडं," विजयमाला म्हणाली.

विजयमाला माझी बायको. आरोग्य खात्यात नर्स होती, रिटायर होऊन वर्ष झाले. अख्खा तालुका तिला शिष्टर म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. तिने तो लॅपटॉप एका हातात घेतला. उघडला नाही. तसाच घेऊन दुकानाच्या दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. लोक चप्पल घालून पाहतात तशी.

हे सगळे सुरू झाले दिवाळीनंतर. सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "मले एक लॅपटॉप घ्याचा हाये. लहाना."

"कोणासाठी?"

"मह्यासाठी."

"कायले?"

ती चहाची गाळणी धूत राहिली. रिटायर झाल्यावर आलेल्या पैशांतले काही आमच्या मुलाच्या, रजतच्या पुण्यातल्या घरात गेले होते, काही आमच्या स्लॅबवर. उरलेले तिचे होते, आणि त्याबद्दल कोणाची ना नव्हती. अडचण वेगळीच होती. रजतने फोनवर विचारले, "आई, कायले पायजे?" सुनेने, निकिताने विचारले, "आई, मोबाइलवर होत नाही का ते?" ते म्हणजे काय, हे निकितालाही माहीत नव्हते. शेजारच्या इंदूबाईने तर भिंतीवरूनच विचारले, "कायले हो शिष्टर, आता या वयात?" विजयमालाला सांगता येईना. मशीन घ्यायची तर काम पाहिजे. काम नाही तर मशीन कशाची?

मग मी कामाला लागलो. मला कारणे जमतात. इंदूबाईला सांगितले, की सरकारने शिष्टरला अमेरिकेतल्या नर्सांना घरी बसून शिकवायला ठेवले आहे. तिकडच्या नर्सांना सुई नीट टोचता येत नाही, इकडचे लेकरू कसे रडत नाही ते त्यांना पाहायचे आहे.

आठ दिवसांनी आमच्या अंगणात तीन बाया आपापल्या लेकी घेऊन आल्या. पोरींची नर्सिंगची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. अमेरिकेला लावून द्या म्हणाल्या. विजयमालाने सगळ्यांना चहा केला, एकेकीला खरे काय ते सांगितले आणि फाटकापर्यंत पोचवून आली. परत आल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मह्यासाठी खोटं बोलू नका."

"मी तुह्या बाजूनंच बोलून राह्यलो न वं."

"पायजे म्हणून पायजे, एवढं सांगता येत नाही का लोकायले?"

"ते लोकायले पटत नाही."

"तुमाले पटते का?"

मला पटते की नाही हे मला कोणी कधी विचारले नव्हते. मी पानाचा डबा शोधू लागलो.

"सर्वेवाली डॉक्टरीण आलती एक, नागपूरची," ती म्हणाली. "रजत चौथी-पाचवीत असन तवा. मी तिले पोडावर घेऊन गेलती."

पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. डांबरी रस्ता संपल्यावर नाला, नाल्यानंतर टेकडी, मग पोड. अशी कितीतरी पोडे तिच्याकडे होती.

"मोहाच्या झाडाखाली बसली ते. पर्समधून एवढुसा लॅपटॉप काढला, मांडीवर ठेवला, टकटक केलं, बंद केला, पर्समधे टाकला. झालं तिचं काम. अन् चालाले लागली हात हालवत. मी मागं. एका खांद्याले लशीचा डबा, त्याच्यात बर्फ. दुसऱ्याले लेकरं मोजाचा काटा न् झोळी. काखेत रजिस्टरं. थोडं पुढं गेली अन् मागं वळून मले म्हणते, शिष्टर, तुम्ही इतक्या हळू का चालता?"

"मंग तू काय म्हणलं?"

"हसली मी. काय म्हणाव?" तिने पदराने तोंड पुसले. "चांगली होती बिचारी. तिच्या ध्यानातच आलं नाही. पण मले तवापासून तसा पायजे. त्याच्यावर काय करतेत ते शिकन मी. नाही शिकली तं नाही शिकली."

मला तो फाटा आठवला, जिथे डांबरी रस्ता संपतो. संध्याकाळी काटा बंद झाला की मी सायकल घेऊन तिथे उभा राहायचो. ती पोडाकडून येताना दिसायची, एका बाजूला कललेली. लशीचा डबा मी कॅरिअरला बांधायचो, बाकीचे हँडलला अडकवायचो, आणि आम्ही दोघे सायकलच्या दोन बाजूंनी पायी निघायचो. डबा उतरवला तरी पुष्कळ वेळ तिचा उजवा खांदा तसाच खाली राहायचा. आजही आहे. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला पहिल्यांदा तेच सांगावे लागते.

माझ्या थापा त्या रस्त्यावर सुरू झाल्या. एवढ्या थकलेल्या माणसाला खरे काय सांगणार? काट्यावर दिवसभर काय घडते? गाड्या येतात, गाड्या जातात. तो हत्ती मी तिथेच तोलला. पहिल्या दिवशी साधा हत्ती होता. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "मंग हत्ती काय म्हणाला?" त्या दिवसापासून हत्ती लाजू लागला. कपाशीला बोंडे फुटलेली असायची दोन्हीकडे, आणि ती हसायला लागली की खांद्यांचे सामान नसल्यामुळे तिला पोट धरून हसता यायचे. तसे हसणे मी नंतर फार पाहिले नाही.

तर दुकानात ती दारापर्यंत जाऊन परत आली, आणि लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"काकू," राजदीप म्हणाला, "तुमाले याच्यावर काम काय करायचं हाये? त्याच्यावरून मी सांगतो कोणता घ्यायचा."

माझ्या जिभेवर अमेरिकेपेक्षा मोठे काहीतरी आले होते. विजयमालाने माझ्याकडे पाहिले. मी ते गिळले.

"काम काही नाही," ती म्हणाली.

"मंग मी गावचा जावई म्हणून इमानदारीनं सांगतो. माह्यं नुकसान झालं तरी चालन. मोठा घ्या. अर्ध्याहून कमी पैशात येते, स्क्रीन मोठी, डोळ्यायले त्रास नाही. घरीच ठेवाचा तं हलका कायले पायजे?"

पोरगा खरे बोलत होता. मापाऱ्याचे डोके तेच सांगत होते. एवढ्यात रजतचा फोन आला, त्याला सकाळपासून चैन नव्हते. त्याने सगळे ऐकले आणि तोही तेच म्हणाला.

विजयमाला थोडा वेळ त्या लहानग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरोबर हाये त्यायचं. मोठाच दाखवा."

राजदीपने मोठा लॅपटॉप पिशवीत घालून काउंटरवर ठेवला. "घेऊन पाहा काकू."

ती उचलायला पुढे झाली. उचलण्याआधी तिने पदर खोचला. उजवा पाय थोडा पुढे घेतला, ओठ मिटले, आणि तिच्या तोंडावरचे सगळे पुसल्यासारखे झाले. पट्टा खांद्यावर गेला. खांदा खाली आला. दोन किलोला कोणी एवढी तयारी करत नाही. दोन किलो म्हणजे भाजीची पिशवी. पण त्या खांद्याला आकडा कोण सांगणार? दुपारी दीड वाजता, पंख्याखाली, काचेच्या दुकानात, ती पोडाला निघाली होती.

"ठीक हाये," ती म्हणाली. "जमते."

"उतरव ते," मी म्हणालो.

"जमते न मले."

"शिष्टर, उतरव." मी स्वतःच पट्टा काढला. "जावईबापू, लहाना बांधा."

"पण काकाजी, काम..."

"काम नाही. तुमाले सांगतलं न तिनं."

फोन अजून चालूच होता. आतून रजत म्हणाला, "बाबा, पण एक लाख बारा? कायसाठी?"

"तिले पायजे."

रजत थांबला. त्याला माझी सवय आहे, लहानपणापासूनची. आता पुढे काहीतरी येईल, सरकार येईल, सर्कस येईल, म्हणून तो वाट पाहत राहिला. राजदीपही फडके हातात घेऊन थांबला.

"पुढं?" रजतने विचारले.

"पुढं काही नाही, बापू. तिले पायजे."

विजयमाला पर्समध्ये कार्ड शोधत होती. पुष्कळ वेळ शोधत होती, कार्ड तर वरच्याच खणात होते.

राजदीपने घासाघीस न करता दोन हजार कमी केले. म्हणाला, सासुरवाडीचा मान. मी घेतले. मापारी असलो तरी मूर्ख नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पिशवी तिने मांडीवर घेतली, मला हात लावू दिला नाही. जोडमोहापर्यंत ती वेचणी चाललेली शेते बघत होती. कुठे बाया ओटीत कापूस घेऊन बांधावर उभ्या होत्या. पुढे रस्ता खराब आहे. बस हेलकावे घेऊ लागली तशी तिला झोप लागली, हात सैल झाले, पिशवी घसरायला लागली. मी ती हळूच माझ्या मांडीवर घेतली. मांडीला काही जाणवेना. प्रत्येक खड्ड्यानंतर मला हात लावून पाहावे लागत होते, आहे ना म्हणून.

करंजीच्या अलीकडे तिचे डोके माझ्या खांद्यावर आले. पूर्वी ते एवढे हलके नव्हते.

कंडक्टर तिकिटे बघत आला. मी एका हाताने खिशातली तिकिटे काढून दाखवली, आणि तो खांदा न हलवता बसून राहिलो.