पूजेतले हातमोजे

या, असे जवळ या. खांबामागच्या ताई, तुम्हीही पुढे सरका. तिथे अर्धंच ऐकू येईल, आणि अर्धी गोष्ट घरी नेली की घरचे नावं ठेवतात. आज एक गोष्ट सांगतो. तिच्यात राजा नाही, राक्षस नाही. राखोलीच्या एका धाग्याच्या कंपनीतला एक भला माणूस आहे आणि त्याच्या हातून जे झालं ते आहे. माणूस भला होता हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. पण त्याला स्वतःचा आला तेवढा नाही येणार.

त्याचं नाव नंदकुमार. मूळचा नाशिकचा. सतरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी सिल्वासाला आला, सामरवरणीत फ्लॅट घेतला आणि इथलाच झाला. कंपनीत सेफ्टी ऑफिसर. कामगारांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, पायांत बूट आहेत का, आग विझवायची नळकांडी भरलेली आहेत का, हे बघणं त्याचं काम. आणि वेड एकच, कीर्तनाचं. गावात कुठेही बुवा उभे राहिले की नंदकुमार पहिल्या रांगेत. बुवांनी नुसता सूर लावला तरी याच्या डोळ्यांत पाणी. बायको, सुजाता, म्हणायची, "तुमचं बरंय. गोष्टीत देव यायच्या आधीच तुम्ही रडून मोकळे!" तो हसायचा. रडायची त्याला कधी लाज वाटली नाही.

तर श्रावणात पुण्याहून ऋचा नावाची मुलगी आली. असेल सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिने आणि तिच्या दोन मित्रांनी मिळून एक हातमोजा बनवला होता. माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर छातीवर दाबत राहावं लागतं हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. पण किती खोल, किती भरभर, हे ऐन वेळी सुचत नाही. हा मोजा ते सांगायचा. तळव्यावर बोराएवढी काच, तिच्यातून त्याला छाती कळायची. मनगटाशी दिवा. आणि आतून एक बाई मराठीत बोलायची, "अजून खोल. थोडं जलद. छान, असंच." असे चार मोजे तिने कंपनीला दिवाळीपर्यंत वापरून बघायला दिले. काम जमलं तर मोठी ऑर्डर. नाही जमलं तर तिचं दुकान बंद. हे तिने नंदकुमारला कँटीनमध्ये चहा पिताना सरळ सांगितलं होतं. त्याला ती काका म्हणायची.

तिने रबरी पुतळा आडवा घालून सगळ्यांना शिकवलं. सुपरवायझर मिलिंद जळगावकडचा, त्याने इतक्या जोराने दाबलं की मोज्यातली बाई म्हणाली, "थोडं हळू." सगळे हसले. "घरीबी हेच ऐकी राहिलो," मिलिंद म्हणाला.

कोपऱ्यात चिमाबाई उभी होती. अथालची, झाडलोट करणारी. दर माणसानंतर पुतळा पुसायचं काम तिच्याकडे. ऋचाने तिलाही बोलावलं. चिमाबाईने पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि असं काही दाबलं की दिवा हिरवा तो हिरवाच राहिला. "छान, असंच," मोजा म्हणाला.

"ही बाई तर माझ्या सासूपेक्षा बरी हाय," चिमाबाई म्हणाली. "बत्तीस वर्सांत एकदा नाय बोलली छान म्हणून."

जाताना ऋचा एक वाक्य बोलली होती. "मोजा हाताशी नसेल तर नुसत्या हातांनी दाबा. मोजा फक्त सांगतो. वाचवायचं हातांनीच." नंदकुमारला ते इतकं आवडलं की त्याने कागदावर छापून भिंतीवर लावलं.

मग दसरा आला.

इथल्या कंपन्यांत दसऱ्याला मशीन बंद ठेवून पूजा होते, तुम्हाला माहीतच आहे. गुरुजी त्या दिवशी दहा ठिकाणी बांधलेले, म्हणून आमच्या या कंपनीत पूजा नंदकुमारच करायचा. उपाशीपोटी, सोवळं नेसून, मन लावून. टेबलावर लाल कापड, त्यावर पान्हे, पक्कड, मोजपट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी. आणि यंदा भिंतीवरच्या डब्यातून काढून त्याने ते चार मोजेही मांडले. चारही. त्यांच्याबद्दल त्याला फार माया वाटत होती. माणसाचा जीव वाचवणारं अवजार, त्याची पूजा नाही करायची तर कशाची? प्रत्येक मोज्याला त्याने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि तळव्यातल्या काचेवर ओल्या लाल गंधाचं ठसठशीत बोट टेकवलं. त्याचे वडील नाशिकला सातपूरच्या कारखान्यात टर्नर होते. त्यांची शिस्त अशी, की पूजेत मांडलेलं अवजार दुसऱ्या दिवशीची उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. ती शिस्त नंदकुमारने आयुष्यभर पाळली.

आरती झाली. अकरा वाजले असतील. प्रसादाची रांग लागली. पॅकिंगमधला बारकू, अथालचाच, पन्नाशीचा, शिऱ्याचा द्रोण घेऊन वळला आणि उभ्याचा खाली आला. शिरा फरशीभर. आधी वाटलं पाय घसरला. मिलिंद धावला, नाकाशी हात धरला, मान वर केली.

"श्वास नाही! साहेब, मोजा! मोजा द्या!"

मोजे कुठे, तर नंदकुमारच्या पाठीमागे, दोन हातांवर. आणि ऐका, इथेच ऐका. नंदकुमारने मोजा उचलला नाही. त्याने दोन्ही हात आडवे केले. टेबलाकडे आलेल्या माणसांना अडवायला करतात तसे.

"थांबा, थांबा! पूजेतलं नका उचलू! उत्तरपूजा व्हायचीय. डब्यात दुसरा असेल बघा."

आणि तो स्वतः धावत भिंतीकडे गेला. डबा उघडला. डबा रिकामाच असणार, त्यानेच सकाळी रिकामा केलेला! त्याने आत हात घालून चाचपलं. खालचा कप्पा उघडला. मिलिंद तिकडे बारकूच्या छातीशी गुडघे टेकून बसलेला, हात पुढे केलेला, मोजा मिळायची वाट बघत. नुसत्या हातांनी दाबायचं कुणालाच सुचेना. दोन महिने मोज्यातल्या बाईच्या तालावर शिकलेली माणसं ती बोलायची वाट बघत होती. भिंतीवरचा कागद नंदकुमारच्या नाकासमोर होता.

टेबलाशी फुलं खाली पडल्याचा आवाज झाला. चिमाबाई होती. तिने एका हाताने झेंडू बाजूला सारला, मोजा ओढला आणि हातात घालत बारकूपाशी गेली. मिलिंदला खांद्याने ढकललं. दाबायला लागली.

"हात छातीच्या मध्यभागी ठेवा," मोजा म्हणाला.

"ठेवलाय की!"

"हात छातीच्या मध्यभागी ठेवा."

काचेवर गंध होतं. मोज्याला छाती दिसत नव्हती. ते गंध कुणी लावलं ते नंदकुमारला दिसत होतं.

"गप ऱ्हा तू," चिमाबाई मोज्यावर ओरडली आणि आपणच मोजत दाबत राहिली. मोजा आपला एकच वाक्य घोकत राहिला. ती दमली तेव्हा मिलिंदने तो घेतला, तळवा शर्टाला खसाखसा पुसला, आणि मग कुठे आवाज बदलला. "अजून खोल. छान, असंच." पुढे अँब्युलन्स आली, शॉक दिला, बारकूचं हृदय चालू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत नंदकुमार सोवळं नेसून उभा होता, हातात रिकाम्या डब्याचं झाकण.

बारकू जगला. दवाखान्यात शुद्धीवर आला, बोलायला लागला. पण मेंदूला रक्त मिळायला उशीर झाला होता. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवेना. नातीचं नाव सांगता येईना.

मुंबईच्या ऑफिसला अहवाल द्यायचा होता. नंदकुमारने लिहिलं, "हातमोज्याने सुरुवातीला चुकीची सूचना वारंवार दिली. त्यामुळे मौल्यवान वेळ वाया गेला." पुन्हा वाचलं. एक शब्द खोटा नव्हता. मोज्यात साठलेली नोंदही तेच सांगत होती. त्याने अहवाल पाठवला, आणि त्या संध्याकाळी सामरवरणीच्या मंदिरात कीर्तन असून तो गेला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. सुजाताने बाम आणून दिला. तो त्याने खरोखर कपाळाला लावला.

आठवड्याभरात ऋचा मोजे परत न्यायला आली. चाचणी थांबली होती. ती रडलेली दिसत होती. त्याच्या टेबलाशी बसून तिने तो मोजा उलटा केला, काचेच्या कडेला नख लावलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, हे रक्त आहे का त्यांचं?"

काचेच्या फटीत वाळलेलं लाल होतं.

आता बोलायचं होतं. देवाने त्याच्या तोंडाशी वाक्य आणून ठेवलं होतं. तो म्हणाला, "नाही... तसं काही नसावं." बस. एवढंच.

"मला त्यांच्या घरी न्याल? माझ्या मोज्यामुळे झालंय. पाया पडून माफी मागते. नाहीतर मला झोप लागणार नाही."

नाही कसं म्हणणार? त्याने स्कूटर काढली. अथालपर्यंत तो एकदाही मागे वळून बोलला नाही. मनात म्हणत होता, पोरगी दोन शब्द बोलेल, हात जोडेल, घरचे म्हणतील राहू दे, आणि मिटेल. माणूस किती खाली जातो बघा. त्याच्या जागी दुसरं कुणी वाकणार होतं आणि त्याला त्यातही सुटका दिसत होती.

बारकू ओट्यावर बाजेवर बसलेला. बायको, सरिता, तांदूळ पाखडत होती. शेजारून चिमाबाई आलेली. तिने नंदकुमारकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. गावात तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं असतं तर बरं, असं त्याला त्या क्षणी वाटलं.

ऋचाने चप्पल काढली. "मावशी, तो मोजा मी बनवला होता," ती म्हणाली आणि सरिताच्या पायांशी वाकली.

"उठ," नंदकुमार म्हणाला. "ऋचा, उठ. तुझा मोजा चांगला होता. काचेवर मी गंध लावलं. चारही मोजे मी पूजेत ठेवले. हे पडले तेव्हा... मी लोकांना अडवलं. म्हणालो, उत्तरपूजा व्हायचीय. रिकाम्या डब्यात शोधत बसलो. आणि अहवालात मोज्याचं नाव लिहिलं."

सरिताच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग तिने विचारलं, टोमणा म्हणून नाही. शिकलेला, पूजाअर्चा जाणणारा माणूस म्हणून विचारलं.

"उचलला असता तर देव रागावला असता का, साहेब?"

"नाही."

"तुमाला ठावं होतं?"

"होतं."

"मंग?"

मंडळी, सतरा वर्षं कीर्तनं ऐकली नंदकुमारने. देव भक्तासाठी कुठे कुठे धावून गेला, सोवळं-ओवळं न बघता, हे ऐकून ऐकून ढसाढसा रडला. पण देव त्याच्या दारी शिऱ्यात पडला तेव्हा त्याने हात आडवे केले. "मंग"ला काय सांगणार?

चिमाबाई उठली आणि पाणी घेऊन आली. ऋचाला दिलं. त्यालाही दिलं. त्याला ते घोट घोट करून प्यावं लागलं.

परतीच्या वाटेवर ऋचा बसस्टँडशी उतरली. "नवा अहवाल पाठवाल ना, सर?" म्हणाली. काका नाही म्हणाली.

त्याने त्याच दिवशी लिहायला घेतला. मॅनेजर अरविंद खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. "अहो, कशाला? मशीनला काय लाज असते? तिच्यावर राहू द्या की. तुमची नोकरीची सहा वर्षं उरलीत." नंदकुमारने लिहिणं थांबवलं नाही. चिमाबाईचं नाव दोनदा लिहिलं, आपलं पाच वेळा. त्याला सेफ्टीतून काढून गोडाऊनला टाकलं. चाचणी पुन्हा सुरू झाली, मोजे डब्यात परत आले, आणि डब्याची जबाबदारी आता चिमाबाईकडे आहे.

आता तुम्ही म्हणाल, कबूल केलं, मोकळा झाला. तसं असतं तर मीही इथेच थांबलो असतो. नंदकुमार दर रविवारी अथालला जातो, बारकूला नदीपर्यंत फिरवून आणतो. आणि दर रविवारी बारकू त्याच्याकडे बघून विचारतो, "कोन तुमी?"

नुसतं नाव सांगून भागलं असतं. कुणी अडवलं नसतं. पण नंदकुमार सांगतो, "तुम्ही पडलात तेव्हा ज्याने उशीर केला, तो मी."

बारकू विचार करतो. त्याला काही आठवत नाही. "बरं," म्हणतो, "बसा." आणि बाजेवर सरकून जागा करून देतो. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी नंदकुमारच्या कानशिलांशी तितकंच गरम होतं. दर वेळी तो तितकंच सांगतो.

तर मंडळी, आता उठाल, घरी जाल, देवापुढे दिवा लावाल. हात जोडाल तेव्हा एक नाव घ्या, एवढंच मागणं. नंदकुमारचं नको. बारकूचं घ्या. अथालचा बारकू, पॅकिंगमधला. त्याची आठवण ठेवा.