नळ्या अजून कच्च्या आहेत

गोदीनं चुलीतली दोन जळती लाकडं हळूच मागं ओढली आणि त्यांवर राख लोटली. हंडीतली उकळी लगेच मंदावली. मग दाराकडं पाहून, कोणी बघत नाही याची खात्री करून, ती मोठ्यानं खोकली. धुरानं अगदी जीव नकोसा केलाय, असं बाहेरच्यांना वाटावं म्हणून.

हंडीत बोकडाच्या नळ्या होत्या. सकाळी नऊला चढवलेल्या, आता दोन वाजत आले होते. नळ्या म्हणजे काही पालेभाजी नव्हे, वेळ घेणारच. पण पाच तास? एवढ्यात रेडा शिजला असता, असं अंगणात बसलेला शेजारचा रघ्या दोनदा बोलून गेला. जव्हारहून मटण आणलेलं त्यानंच. मांडीचं आणतो, लवकर शिजेल, असं तो म्हणत असताना गोदी हट्टाला पेटली होती. नळ्याच आण, माझ्या मीनाला नळ्याच आवडायच्या. मेलेल्या लेकीचं नाव घेतल्यावर पुढं कोण काय बोलणार? आणि ते खोटंही नव्हतं. फक्त पुरतं खरं नव्हतं.

मीनाला जाऊन तेरा दिवस झाले होते. बोईसरला नवऱ्याच्या खोलीवर चार दिवसांच्या तापात गेली, सत्तावीस वर्षांची बाई. कमलेशला, म्हणजे जावयाला, आईबाप नव्हते. म्हणून त्यानं तिला जामसरला आईच्या दारीच आणलं, आणि दिवसही इथंच केले. गोदीच्या कुळात रीत अशी, की दिवस झाले की त्या घरच्या चुलीवर मटण शिजवायचं, आणि गेलेल्याच्या रक्ताच्या माणसानं पहिला घास खाल्ला की सुतक फिटलं. त्या दिवशी तोवर चुलीवर दुसरं काही चढत नाही, आणि घरातलं माणूस गावाबाहेर जात नाही. सुतक फिटलं की कमलेश पाच वर्षांच्या प्रतिक्षाला घेऊन चारच्या एसटीनं निघणार होता. सोमवारी तिची शाळा होती. चारनंतरची गाडी थेट दुसऱ्या दिवशी सकाळची.

पहिला घास आईचाच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. म्हणजे चारपर्यंत नळ्या शिजल्या नाहीत, गोदीनं घास घेतला नाही, तर आजची रात्र पोर आजीच्या गोधडीत. गोदीला जास्त काही नको होतं. आज ना उद्या पोर बापाबरोबर जाणार, ते तिला कळत होतं. एक रात्र हवी होती, बस.

“गोदे, शिजलं का गं?” अंगणातून हाक आली.

ही धोंडीबाई, गोदीची थोरली नणंद. लग्नापासून मयतापर्यंतच्या सगळ्या रीती हिच्या तोंडपाठ. नसलेली रीतही अशा ठसक्यात सांगायची, की आपणच विसरलो असं ऐकणाऱ्याला वाटावं.

“नाय अजून, आक्का. जून बोकड दिला मेल्यानं.”

“बोकड जून हाय का तुझा इस्तू थंड हाय?”

धोंडीबाईपुढं एका खोट्याला दुसरं जोडण्यात अर्थ नसतो.

थोड्या वेळानं कमलेश तांब्या घेऊन पाण्याला आत आला. पाणी न घेताच थांबला. चुलीबाहेर राखेत धुमसणारी दोन लाकडं त्यानं पाहिली.

“मामी, लाकडं बाहेर हायत.”

गोदीनं मान खाली घातली. कमलेश चुलीपाशी बसला, झाकण उचललं आणि पळीनं एका नळीला जरा ढोसलं. मांस हाडावरून सरळ घसरून रश्शात पडलं. कधीचंच शिजलं होतं. त्यानं झाकण होतं तसं ठेवलं.

“उद्या सकाळची ड्यूटी हाय माझी,” तो म्हणाला. “आधीच लय खाडे झालेत. सुपरवायझर बोलंल.”

“ठावं हाय मला.”

तो राखेकडं बघत बसला. तेरा दिवसांत त्यानं दाढी केली नव्हती, आणि डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

“बोलू दे,” तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

“नळ्या अजून कच्च्या हायत,” त्यानं अंगणात सांगितलं. “बोकड जूनच निघाला.”

आत गोदीनं पदर तोंडात कोंबला. जावयाची तिला इतकी माया आली, आणि तेवढाच रागही आला. इतका भला माणूस, मग माझी लेक याच्या हातातून कशी निसटली? रागाला जागा नव्हती. माया ठेवायला मात्र आता दुसरी जागाच राहिली नव्हती.

तिनं रडून घेतलं, डोळे पुसले. तीन वाजले होते. साधलं होतं.

तेवढ्यात प्रतिक्षा येऊन पाठीला बिलगली.

“आजी, भूक लागली.”

“थांब माझी बाय. जरा थांब.”

“पोटात दुखतंय.”

सकाळपासून पोरीनं बिस्किटाचा एक पुडा खाल्ला होता. गोदीला एकदम आपलीच लाज वाटली. मीना असती तर तिनं काय म्हटलं असतं? एका रात्रीसाठी माझी पोर उपाशी ठेवलीस, आये?

“शिजलंय ना? वास येतोय,” प्रतिक्षा म्हणाली.

पोराच्या नाकाला कोण फसवणार! गोदीनं हंडीतून मऊसा तुकडा काढला, पाण्यात बुचकळून तिखट घालवलं, फुंकर मारली आणि पोरीच्या तळव्यावर ठेवला. लहान पोराचा घास कोण धरतं, असं तिच्या मनात आलं.

“इथंच बसून खा. बाहेर जाऊ नको.”

पण पोरच ते. अर्धा तुकडा तोंडात आणि अर्धा हातात घेऊन ती धावत बापाकडं गेली.

“बाबा, बघ. किती मऊ हाय!”

धोंडीबाईनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं, कमलेशकडं पाहिलं, मग दाराकडं. तिला सगळं कळलं. एरवी चारचौघांत फाडून बोलणारी बाई, पण आज तिचा आवाज चढला नाही.

“फिटलं सुतक,” ती म्हणाली. “पोर मीनाच्याच रक्ताची.”

“आक्का, ती लहान हाय.” गोदी दाराची चौकट धरून उभी होती. “तिचा घास धरायचा नाय.”

“तिचाच धरायचा, गोदे.”

गोदी आणखी काही बोलणार होती, पण धोंडीबाईनं डोळ्यांना पदर लावला होता. तिला असं कोणी कधी पाहिलेलं नव्हतं.

मग रघ्यानं पत्रावळी मांडल्या. माणसं ओळीनं बसली. गोदीनं वाढलं, शेजारून करून आलेला भात, नाचणीची भाकरी, नळ्यांचा रस्सा. कमलेश भाकरी कुस्करत राहिला. मटण सुरेख झालं होतं. तसं कोणी बोललं नाही, पण दुसऱ्यांदा सगळ्यांनी मागून घेतलं. साडेतीन होऊन गेले. भिंतीला टेकलेल्या पिशवीत पोरीचे कपडे सकाळीच भरून ठेवलेले होते.

प्रतिक्षा आजीच्या मांडीवर बसली होती. एसटीत तिला खिडकी हवी होती, ते तिनं बापाकडून दोनदा कबूल करून घेतलं. गाडी चुकेल म्हणून ती भराभरा जेवत होती.

गोदीनं एक नळी उचलली, पत्रावळीवर आपटून आतला गर काढला आणि तिच्या भातावर ठेवला.

“सावकाश खा, बाय,” ती म्हणाली. “गाडीला लय वेळ हाय अजून.”